येणारा कॉल कुठे अडतो आणि पैसे कशाचे कापले जातात : मोबाइलधारकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

‘तुमचा फोन लागतच नाही’ असे कोणी सांगितले की बहुतेक जण फोन बंद करून पुन्हा चालू करतात, सिमकार्ड काढून पुसून परत बसवतात आणि तरीही काही घडले नाही, तर कंपनीला दोष देऊन मोकळे होतात. वास्तविक येणारा कॉल चार वेगवेगळ्या ठिकाणी अडू शकतो : हातातल्या फोनच्या सेटिंगमध्ये, सिमकार्डावर, कंपनीच्या नेटवर्कवर तुमच्या क्रमांकापुढे नोंदवलेल्या सेवांमध्ये, किंवा तुमच्या खात्यात, म्हणजे रिचार्जच्या मुदतीत. अडथळा यांपैकी नेमका कुठे आहे हे आधी ठरवले, तर उपाय बहुधा काही मिनिटांत होतो. ते न ठरवता केलेला उपाय मात्र भलत्याच जागी लागतो. नेटवर्कवर लागलेली बंदी नवा फोन घेऊन सुटत नाही आणि फोनमधली बंदी रिचार्ज करून उठत नाही. पुढील सर्व मांडणी हा एक भेद मनात ठेवूनच केली आहे.

येणाऱ्या कॉलला पैसे का पडत नाहीत

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि तो कॉल करणाऱ्याला जसा लागू होता, तसाच घेणाऱ्यालाही. त्यामुळे क्रमांक ओळखीचा नसेल तर कॉल न उचलणे हा शिष्टाचाराचा नव्हे, तर खर्चाचा प्रश्न होता. १ मे २००३ पासून ‘कॉल करणारा पैसे देईल’ हे तत्त्व मोबाइललाही लागू झाले आणि देशांतर्गत येणारे कॉल, रोमिंगमधले वगळता, मोफत झाले.

मोफत झाले याचा अर्थ त्या कॉलमागचा व्यवहार संपला असा नव्हता. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला कॉल केला की पहिली कंपनी दुसरीला दर मिनिटाला ठरावीक आंतरजोडणी शुल्क देत असे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, हे शुल्क २००९ मध्ये २० पैशांवर, २०१५ मध्ये १४ पैशांवर आणि ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैशांवर आणले आणि १ जानेवारी २०२१ पासून ते शून्य केले. या काही पैशांसाठी २०१९ मध्ये कंपन्यांत जी चढाओढ झाली, ती आज विनोदी वाटते. कॉल घेणाऱ्या बाजूला पैसे मिळत असल्यामुळे कॉल करणाऱ्याच्या कंपनीने फोनची घंटा कमी सेकंद वाजवायची, म्हणजे समोरचा उचलण्याआधीच कॉल तुटेल, त्याला मिस्ड कॉल दिसेल, तो उलट फोन करील आणि शुल्काची दिशा फिरेल, असा तो हिशेब होता. अखेर १ नोव्हेंबर २०१९ रोजी ट्रायने उत्तर न मिळाल्यास मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद घंटा वाजलीच पाहिजे, असा नियम केला.

या नियमाचा व्यावहारिक अर्थ असा की, फोनपर्यंत पोचायला वेळ लागणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या मोबाइलची घंटा फोनमधल्या कोणत्याही सेटिंगने मनाजोगी लांबवता येत नाही, कारण ती वेळ नेटवर्क ठरवते. अशा घरात लँडलाइन अजून टिकून असेल, तर ती काढून टाकण्यापूर्वी दुप्पट वेळ वाजणारी घंटा हा तिचा गुण लक्षात घ्यावा. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून क्रमांकाआधी शून्य लावावे लागते, हेही अनेक ज्येष्ठांना कोणी सांगितलेले नसते.

रिचार्जची मुदत आणि येणारे कॉल

येणाऱ्या कॉलला दर नाही, परंतु येणारे कॉल घेण्याची पात्रता टिकवण्यासाठी आज रिचार्ज लागतो. एके काळी ‘लाइफटाइम’ योजनेचे सिम घेऊन वर्षानुवर्षे फक्त येणारे कॉल घेणारी माणसे गावोगावी होती. आंतरजोडणी शुल्क उतरत गेले, तशी ही माणसे कंपन्यांना नकोशी झाली. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्जच्या योजना आल्या आणि मुदत संपली की आधी जाणारे आणि मग येणारे कॉल बंद होऊ लागले.

येथे सर्वाधिक घोटाळा होतो तो शिल्लक रक्कम आणि मुदत या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. टॉप-अप केल्याने खात्यात पैसे जमा होतात, मुदत वाढत नाही. मुदत वाढते ती योजनेच्या रिचार्जने. खात्यात शंभर रुपये असूनही ‘या क्रमांकावर इनकमिंग सुविधा उपलब्ध नाही’ अशी ध्वनिफीत समोरच्याला ऐकू येते, ती याच कारणाने. म्हणून रिचार्जच्या दुकानात ‘पन्नासचा मारा’ असे न म्हणता ‘मुदत कोणत्या तारखेपर्यंत वाढेल’ हा प्रश्न विचारावा आणि आलेला संदेश तारखेसह वाचून घ्यावा.

मुदत संपल्यानंतर काय होते, याचा क्रम बहुतेक कंपन्यांत सारखाच असतो, दिवस मात्र कंपनीगणिक बदलतात. प्रथम जाणारे कॉल आणि इंटरनेट थांबते. येणारे कॉल व एसएमएस काही दिवस चालू राहतात, मग तेही थांबतात आणि बँकेचे ओटीपी येणे बंद होते. क्रमांक कायमचा काढून घेणे ही त्यापुढची पायरी आहे. ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार सलग ९० दिवस कोणताही वापर झाला नसेल, तरच कंपनीला प्रीपेड क्रमांक बंद करता येतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर ठरावीक रक्कम कापून क्रमांक राखून ठेवण्याची सोय आहे, आणि बंद झाल्यानंतरही तो परत सुरू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत मिळते. एकदा क्रमांक गेला आणि दुसऱ्याला दिला गेला की त्या क्रमांकाशी जोडलेली बँक, आधार आणि व्हॉट्सअॅपची दारे अनोळखी माणसाच्या हाती जातात. म्हणून सोडून द्यायचा क्रमांकसुद्धा आधी या सर्व ठिकाणांहून काढून मगच सोडावा.

ज्यांना इंटरनेट नकोच आहे, साधा बटणांचा फोन आहे आणि मुलाबाळांचे फोन तेवढे यावेत एवढीच अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी ट्रायचा डिसेंबर २०२४ चा निर्णय महत्त्वाचा आहे. केवळ कॉल आणि एसएमएस देणारी, डेटा नसलेली विशेष योजना प्रत्येक कंपनीने ठेवावी असे त्यात सांगितले असून, अशा योजनांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली आहे. दुकानदार ही योजना आपणहून सुचवीलच असे नाही. ती नाव घेऊन मागावी लागते. वर्षाचे पैसे एकदम भरणे जड वाटत असेल, तर निदान २८ दिवसांच्या चक्रात न अडकता ३० दिवसांची किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करायची योजना घ्यावी. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार या दोन्ही प्रकारांची किमान एकेक योजना प्रत्येक कंपनीकडे असणे बंधनकारक आहे.

कॉल येत नसेल तर तपासाचा क्रम

पहिली पायरी म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या क्रमांकावरून, आपल्याच क्रमांकावर कॉल करून स्वतःच्या कानांनी ऐकणे. काय ऐकू येते त्यावर पुढची दिशा ठरते. ‘इनकमिंग सुविधा उपलब्ध नाही’ असे ऐकू आले, तर प्रश्न खात्याचा आहे किंवा येणाऱ्या कॉलवर बंदी लागलेली आहे. ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ किंवा ‘बंद आहे’ असे ऐकू आले आणि फोन समोर चालू दिसत असेल, तर सिम नेटवर्कवर नोंदलेच गेलेले नाही. घंटा वाजते, पण ती भलत्याच ठिकाणी वाजते आणि कोणी परका माणूस उचलतो, तर कॉल दुसरीकडे वळवलेला आहे. फक्त एका विशिष्ट माणसालाच फोन लागत नाही, एखादी घंटा वाजून लगेच तुटतो आणि बाकी सर्वांना लागतो, तर त्याचा क्रमांक तुमच्या फोनमध्ये ब्लॉक यादीत गेलेला असण्याची शक्यता सर्वात मोठी आहे. घरात लहान मूल असेल, तर हे फार वेळा घडते.

दुसरी पायरी सिम बदलून पाहण्याची. आपले सिम दुसऱ्या चालू फोनमध्ये घालून पुन्हा कॉल करून पाहावा. तिथे कॉल आला तर दोष आपल्या फोनमध्ये, तिथेही आला नाही तर दोष सिम, नेटवर्क किंवा खाते यांच्यापैकी एकात. ही एवढी साधी परीक्षा न करता सेवा केंद्रात गेलेल्या माणसाला आधी नवे सिमच मिळते, आणि सिम बदलल्यानंतर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जात असल्यामुळे तेवढा काळ ओटीपीही मिळत नाहीत.

दोष फोनमध्ये आहे असे ठरल्यास पाहण्याच्या जागा मोजक्या आहेत. विमान मोड आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ ही तर नेहमीची नावे झाली. त्याहून फसवी सेटिंग म्हणजे अनोळखी क्रमांकांना गप्प करणारी. आयफोनमध्ये ही सुविधा चालू असली की संपर्कयादीत नसलेल्या माणसाचा कॉल घंटा न वाजवता थेट अलीकडील कॉलच्या यादीत जाऊन बसतो, मग तो कुरिअरवाला असो की रुग्णालयातून आलेला फोन असो. अँड्रॉइडच्या फोन अॅपमध्ये ब्लॉक यादीच्या वरच ‘अज्ञात’ अशी जी कळ असते, ती मात्र वेगळी आहे. ती केवळ क्रमांकच न दाखवणारे कॉल अडवते, यादीत नसलेले सर्व कॉल नव्हे. ट्रूकॉलरसारखे अॅप बसवलेले असेल, तर त्याची स्वतःची ब्लॉक यादीही निराळी पाहावी लागते.

दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट घडते, जिला दोष म्हणता येत नाही. एका सिमवर बोलणे चालू असताना दुसरे सिम बहुतेक फोनमध्ये कॉल घेऊ शकत नाही आणि समोरच्याला ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ ऐकू येते. व्यवसायाचा क्रमांक दुसऱ्या सिमवर ठेवणाऱ्यांनी त्या क्रमांकाचे ‘संपर्क होत नसताना’चे कॉल पहिल्या सिमकडे आणि पहिल्याचे दुसऱ्याकडे वळवून ठेवावेत. दोन्ही सिमवर कॉल वेटिंग चालू असले की काम भागते.

जिओच्या नेटवर्कवर टूजी किंवा थ्रीजी हा प्रकारच नाही. तिथे व्होल्टीई, म्हणजे फोरजीवरून आवाजी कॉल करण्याची सुविधा, बंद असेल किंवा फोनला ती सुविधा नसेल, तर इंटरनेट चालूनही कॉल येणार नाही. जुना फोन हाताशी आहे म्हणून त्यात जिओचे सिम घालून देणाऱ्यांनी हे आधी तपासावे. आणि सिमला पिन लावलेला असेल, तर फोन रात्री आपोआप बंद होऊन चालू झाल्यानंतर पिन टाकेपर्यंत सिम झोपलेलेच राहते. सकाळी दहापर्यंत कोणाचाच फोन आला नाही, यामागे एवढेच कारण असू शकते.

सर्व काही ठीक असताना अचानक नेटवर्क गेले, सिम ‘नोंदणीकृत नाही’ असे दाखवू लागले आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला नेटवर्क आहे, असे झाले तर मात्र क्रम सोडून द्यावा. तुमच्या नावाने कोणी दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग मोबाइल कंपनीला कळवावे.

नेटवर्कवरील बंदी आणि वळवणी : संकेतांक कसे वापरावेत

नेटवर्कवर नोंदवलेल्या सेवा पाहण्यासाठी आणि बदलण्यासाठी जीएसएम या मोबाइल नेटवर्कच्या पद्धतीत ठरलेले संकेतांक आहेत. ते डायल पॅडवर टाइप करून कॉलचे बटण दाबायचे असते. त्यांची रचना एकदा समजली की पाठ करण्याची गरज उरत नाही : *# ने सुरुवात केली की विचारणा, * ने सुरुवात केली की सेवा चालू, # ने सुरुवात केली की बंद आणि ## ने सुरुवात केली की नोंदच पुसली जाते.

कॉल वळवण्याचे चार क्रमांक आहेत : २१ म्हणजे सर्व कॉल, ६७ म्हणजे फोन व्यग्र असताना, ६१ म्हणजे उचलला नाही तर आणि ६२ म्हणजे संपर्क होत नसेल तर. त्यामुळे *#२१# दाबले की सर्व कॉल वळवलेले आहेत का ते कळते, ##२१# दाबले की ती वळवणी पुसली जाते आणि ##००२# दाबले की चारही प्रकार एकदम पुसले जातात. कॉल वेटिंगचा क्रमांक ४३ आहे. *#४३# ने ते चालू आहे का ते पाहावे, *४३# ने चालू करावे.

बंदीचे, म्हणजे कॉल बॅरिंगचे, क्रमांक असे : ३३ सर्व जाणारे कॉल, ३३१ परदेशी जाणारे कॉल, ३५ सर्व येणारे कॉल आणि ३५१ रोमिंगमध्ये असताना येणारे कॉल. बंदी घालायला किंवा उठवायला कंपनीने दिलेला चार अंकी गुप्तांक लागतो, जो पुष्कळदा ०००० किंवा १२३४ असतो. येणाऱ्या कॉलवरील बंदी उठवायची असेल, तर #३५*गुप्तांक# असे दाबायचे. गुप्तांक तीनदा चुकला तर सुविधा कुलूपबंद होते आणि मग कंपनीकडेच जावे लागते, म्हणून अंदाजाने आकडे टाकत बसू नये. सगळी नेटवर्के, विशेषतः केवळ व्होल्टीईवर चालणारी, हे सर्व संकेतांक मानतातच असे नाही. ‘जोडणीत अडचण’ असा संदेश आला, तर हीच कामे फोन अॅपच्या सेटिंगमधील ‘कॉलिंग अकाउंट्स’ किंवा ‘पूरक सेवा’ या भागातून किंवा कंपनीच्या अॅपमधून करावीत.

एका बारकाव्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बंदीच्या संकेतांकात सेवेचा प्रकार लिहिला नाही, तर ती बंदी कॉलबरोबर एसएमएसलाही लागू होऊ शकते आणि मग ओटीपी का येत नाही, याचा शोध भलतीकडेच चालतो. केवळ आवाजी कॉलपुरती बंदी हवी असेल, तर गुप्तांकानंतर *११ जोडावे. उदाहरणार्थ *३५१*गुप्तांक*११#.

माझ्या मते सामान्य घरात येणाऱ्या कॉलवर सरसकट बंदी घालण्याचे कारण क्वचितच असते. त्यापेक्षा आईवडिलांच्या फोनवर ३३१ ची, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कॉलची, बंदी घालणे अधिक शहाणपणाचे. परदेशी क्रमांकावरून एकच घंटा वाजवून कॉल तोडायचा, माणूस कुतूहलाने उलट फोन करील आणि महागड्या आंतरराष्ट्रीय दराचा काही वाटा आपल्याला मिळेल, ही जुनी फसवणूक त्याने मुळातच खुंटते. अशा मिस्ड कॉलमध्ये +९१ शिवाय दुसरा देशक्रमांक दिसला आणि त्या देशात आपले कोणी नसेल, तर उलट फोन करूच नये. देशात असताना आलेल्या कॉलचे पैसे कापले जात नाहीत, कापले जातात ते आपण केलेल्या कॉलचे.

लहान मुलाच्या किंवा घरातल्या कामासाठी ठेवलेल्या फोनवरून ठरावीक क्रमांकांनाच कॉल करता यावा, असे वाटत असेल, तर सिमकार्डावर ‘ठरावीक क्रमांक’ अर्थात एफडीएनची सोय असते. तिला पिन-२, म्हणजे सिमचा दुसरा गुप्तांक, लागतो. येणाऱ्या कॉलवर तिचा काहीही परिणाम होत नाही.

वळवणीच्या नावाखाली होणारी फसवणूक

कुरिअर कंपनीतून किंवा मोबाइल कंपनीतून बोलतो असे सांगून ‘अमुक आकडे दाबा, म्हणजे तक्रार सुटेल’ असे कोणी सांगितले आणि त्या आकड्यांची सुरुवात *४०१* किंवा *२१* अशी असून पुढे दहा अंकी क्रमांक असेल, तर तो माणूस तुमचे सर्व कॉल स्वतःकडे वळवून घेत असतो. एकदा ते घडले की व्हॉट्सअॅप किंवा बँक फोन करून सांगते तो पडताळणीचा आकडा थेट त्याच्या कानात पडतो. तुमच्या फोनची घंटासुद्धा वाजत नाही. या प्रकाराचा एवढा सुळसुळाट झाला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीद्वारे, म्हणजे असे संकेतांक दाबून, कॉल वळवण्याची सेवा बंद ठेवण्याचे आदेश कंपन्यांना दिले. तरीही दिवसभरात एकही फोन आला नाही असे वाटले, तर *#२१# दाबून पाहणे आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास ##००२# दाबणे हा दोन मिनिटांचा उपाय प्रत्येकाने हाताशी ठेवावा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे. फसवा कॉल नुसता आला असेल, तर संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या विभागात तो नोंदवावा. त्याच ठिकाणी आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, हेही पाहता येते.

नको असलेले जाहिरातींचे कॉल

जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत. साध्या दहा अंकी क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याकडे त्यामुळे सुरुवातीपासूनच संशयाने पाहावे. जाहिराती पूर्ण थांबवायच्या असतील, तर START हा शब्द इंग्रजी लिपीत असतो तसा, म्हणजे एस, टी, ए, आर, टी ही अक्षरे, पुढे जागा सोडून शून्य, असा एसएमएस १९०९ वर पाठवावा किंवा त्याच क्रमांकावर फोन करावा. सगळे नको, पण आरोग्य किंवा शिक्षण अशा एखाद्या विषयाचे चालेल, असे असेल तर ट्रायच्या डीएनडी, म्हणजे नको असलेले कॉल थांबवण्याच्या, अॅपमध्ये विषयवार निवड करता येते. नोंदणी केल्यावर बँकेचे व्यवहारसंदेश बंद होतील, ही भीती निराधार आहे.

जाहिरातदार म्हणून नोंदणी नसलेल्या माणसाने साध्या क्रमांकावरून जाहिरात केली, तर ट्रायच्या नियमांतील फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करता येते, त्यासाठी स्वतःची डीएनडी नोंदणी असण्याची अट राहिलेली नाही. नुसते ब्लॉक करून समाधान मानण्यापेक्षा तक्रार करणे अधिक उपयोगाचे, कारण ब्लॉकने फक्त तुमचा फोन शांत होतो, तर तक्रारी साठल्या की तो क्रमांकच अडचणीत येतो.

रोमिंग : देशात आणि देशाबाहेर

मोबाइल परवान्यांच्या दृष्टीने मुंबई हे एक परिमंडळ आहे, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. त्यामुळे मुंबईचे सिम घेऊन पुण्याला गेलेला माणूस कागदोपत्री रोमिंगमध्ये असे आणि त्याला येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. १ मे २०१५ पासून ट्रायने या येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ४५ पैशांवर आणली. पुढे स्पर्धेमुळे कंपन्यांनी ते शुल्क आपणहून सोडले आणि आजच्या अमर्याद कॉलच्या योजनांत देशांतर्गत रोमिंग धरलेलेच असते.

देशाबाहेर गेल्यावर मात्र जुना काळ परत येतो. तुम्ही दुबईत किंवा लंडनमध्ये असताना पुण्याहून आलेला कॉल उचललात, तर पुण्याच्या माणसाला तो साधा देशी कॉल असतो आणि परदेशापर्यंतचा प्रवासखर्च तुमच्या खात्यातून जातो. रोमिंग पॅक घेतलेला नसेल तर हा दर पुष्कळ चढा असतो. पॅक घेताना येणारे कॉल त्यात किती मिनिटे आहेत, ती मिनिटे संपल्यावर दर काय आणि तुम्ही जाणार तो देश यादीत आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. जहाजे आणि विमाने यांचे स्वतःचे वेगळे नेटवर्क असते, ते सामान्य देशी पॅकमध्ये बसत नाही, म्हणून तिथे फोन विमान मोडवर ठेवणे इष्ट.

याहून छुपा खर्च अटींसह वळवलेल्या कॉलचा असतो. ‘उचलला नाही तर अमुक क्रमांकावर जावा’ अशी सोय तुम्ही घरून निघताना तशीच ठेवली असेल, तर कॉल आधी तुमच्यामागे परदेशात येतो, तिथे न उचलल्यामुळे परत भारतात वळतो आणि जाण्याचा व येण्याचा असा दोन्ही भागांचा खर्च तुमच्यावर पडू शकतो, तोही तुम्ही एक शब्द न बोलता. म्हणून निघण्यापूर्वी ##००२# दाबून अशा वळवण्या पुसाव्यात. कॉल घरच्या क्रमांकावर हवेच असतील, तर २१ ची, म्हणजे सर्व कॉलची, वळवणी फोनच्या सेटिंगमधून लावावी. ती भारतातल्या भारतातच होते आणि कॉल तुमच्यामागे येत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत भारतातला क्रमांक केवळ बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवण्याची पद्धत आहे. त्यासाठी सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असले पाहिजे, भारतातील योजनेची मुदत चालू असली पाहिजे, डेटा रोमिंग बंद असले पाहिजे आणि आवाजी कॉलपुरती ३५१ ची बंदी लावली, तर चुकून उचललेल्या कॉलचा खर्चही टळतो. येणारा एसएमएस रोमिंगमध्ये बहुतेक कंपन्या मोफत देतात. अमेरिका आणि कॅनडात येणाऱ्या कॉलची मिनिटेही पूर्वापार घेणाऱ्याच्याच योजनेतून वजा होत आली आहेत. अमर्याद योजनांमुळे ते आता फारसे जाणवत नाही, पण मोजकी मिनिटे असलेले प्रीपेड सिम घेऊन नातवंडांकडे गेलेल्या आजीआजोबांना हे आधी सांगून ठेवावे.

पैसे कापले गेले, तर

अमर्याद योजना असूनही पैसे गेले असतील, तर कारणे थोडीच असतात : आंतरराष्ट्रीय कॉल, लघुसंकेतांकावर, म्हणजे मोजक्या अंकांच्या छोट्या क्रमांकावर, केलेला कॉल किंवा एसएमएस, चालू करून ठेवलेली कॉलरट्यून वा तत्सम मूल्यवर्धित सेवा, आणि १८६० ने सुरू होणारे ग्राहकसेवा क्रमांक. १८०० चे क्रमांक मोफत असतात, १८६० चे नसतात. दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे अर्धा तास संगीत ऐकत थांबलेल्या ग्राहकाला त्याचे पैसे मोजावे लागू शकतात. मूल्यवर्धित सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा मोफत क्रमांक सर्व कंपन्यांना सामाईक आहे.

नेमके कशाचे पैसे गेले हे कळत नसेल, तर प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशीलवार हिशेब मागता येतो आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा अधिक आकारू शकत नाही. हिशेब हाती आला की १९८ या मोफत तक्रारक्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा डॉकेट क्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक मागितल्याशिवाय फोन ठेवू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी असते. उत्तर समाधानकारक नसेल, तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांक मध्यस्थी करून पाहतो. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. मोबाइल सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालूच शकत नाहीत, असे कंपन्या बराच काळ म्हणत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आक्षेप फेटाळला असल्यामुळे आज कोणी तसे सांगून परत पाठवू पाहत असेल, तर डॉकेट क्रमांक, हिशेबाची प्रत आणि रिचार्जच्या पावत्या जोडून अर्ज दाखल करावा.